बोंडअळीच्या पुस्तकातला घोडेवाला

ज्या माणसाने तो पिक्चर काढला, तो मला एकदा भेटायला हवा. मी त्याला चहा देईन, सोबत खारी देईन, आणि मग विचारीन की भल्या माणसा, त्या घोडेवाल्याला मारायची तुला एवढी कसली घाई झाली होती? गेममध्ये तो चांगला जिवंत होता. आमच्या देऊळघाट गावातली निम्मी पोरं त्याला रोज पळवत होती. माझ्या सासऱ्यांचा उजवा हात त्याच्याच भरवशावर होता.

आमचं घर पिंजाऱ्याचं. रुई पिंजायची, गाद्या भरायच्या, शिवायच्या. माझे सासरे, मेहबूब अब्बा, यांच्या टाक्याला आसपासच्या गावांत तोड नव्हती. कुठे पाहुणे म्हणून गेले की निजायच्या आधी गादीवरून हात फिरवायचे आणि खुशीत सांगायचे, "हे माह्यीच हाय." पण बाजारात फोमच्या गाद्या आल्या आणि आमच्याकडे पिंजायला येणारी रुई कमी झाली. मग माझ्या नवऱ्याने, फहीमने, समोरच्या खोलीतली पिंजायची मशीन मागच्या पडवीत सरकवली आणि तिथे दोन टीव्ही लावून व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं. भिंतीवर भाड्याने द्यायच्या सीडींची फळी ठोकली. अब्बा त्या खोलीतून जाताना तोंड फिरवून जायचे. "माह्या रुईच्या जागेवर टुकटुक लावली बे तू," एवढंच म्हणायचे.

मी डोणगावची. बी.ए.चं दुसरं वर्ष झालं आणि लग्न लागलं. माहेरून भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त आणली, त्यामुळे सासरी माझी पहिली ओळख तीच झाली. फहीम पडला पिक्चरचा वेडा. त्याचं म्हणणं, पुस्तकात सगळं आपल्यालाच मनात उभं करावं लागतं, पिक्चरमध्ये आयतं मिळतं. माझं म्हणणं, आयतं मिळतं तेच वाईट. या भांडणापायी आमच्या कितीतरी भाज्या करपल्या. अब्बा मध्ये पडत नसत. खरं तर त्यांचं माझ्याशी बोलणंच कमी. चहा झाला का, लाईट आली का, यापुढे आम्ही सासरा-सून कधी गेलोच नव्हतो. मला ते टोचायचं. डोणगावात मी दिवसभर बडबडणारी मुलगी होते, आणि इथे येऊन माझं तोंड फक्त जेवायला उघडत होतं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अब्बांना लकवा मारला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बजावलं की बोटं हलती ठेवा, नाहीतर कायमची आखडतील. दाबायला रबराचा चेंडू दिला. अब्बांनी तो थोडे दिवस दाबला आणि एका सकाळी डाव्या हाताने शेजारच्या बकरीकडे भिरकावला. "मी काय लेकरू हाय चेंडू खेयाले?"

नेमकं त्याच वर्षी अर्पिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. अर्पिता ही आमच्या गल्लीतल्या अन्नपूर्णाबाईंची मुलगी. अन्नपूर्णाबाईंचं वावर पैनगंगेच्या अंगाला, सगळी कपाशी. कापसाची पहिली वेचणी म्हणजे आमच्याकडे सीतादही. वावरात दगड मांडून पुजायचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच बायांनी बोंडाला हात लावायचा. त्या दिवशी वेचलेला कापूस अन्नपूर्णाबाई बाजारात जाऊ देत नसत. घरात बाळ येणार असेल तर त्या कापसाची गादी व्हायची आणि ती अब्बांनीच शिवायची. अर्पिता स्वतः तसल्याच गादीवर वाढली होती.

"मेहबूबभाऊ," अन्नपूर्णाबाई दारातूनच म्हणाल्या, "पोरगी आली. दिवाळी झाली का मोकळी होईन. गादी तुमच्याच हातची पाह्यजे."

अब्बांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. "वहिनी, हात कुठी हाय आता?"

"त घेऊन या," असं म्हणून त्या निघून गेल्या.

वाटलं असतं तर फहीम ती गादी शिवू शकला असता. पण ती गादी दुसऱ्या कुणी शिवली तर अब्बा पुन्हा सुईकडे बघणारसुद्धा नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्यांच्या डोळ्यांतला उजेडच त्या हाताबरोबर मांडीवर येऊन पडला होता.

पोरं शाळेत असली की दुपारी पार्लर रिकामं असायचं. एकदा मी तिथे झाडत होते. एक गेम चालूच राहिला होता, त्याचा रिमोट जमिनीवर पडलेला. अब्बा खुर्चीवर टेकले होते. "अब्बा, एवढं धरा जरा," म्हणून मी रिमोट त्यांच्या मांडीवर, उजव्या हाताखाली ठेवला. अंगठा बटणावर पडला आणि टीव्हीतल्या घोड्याने उडी मारली.

अब्बांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग हाताकडे. "हे म्या केलं?"

"तुम्हीच केलं."

पुढच्या खड्ड्यात घोडा पडला. "पडला बे!" अब्बा ओरडले. मग हळूच म्हणाले, "पुन्हा लाव."

त्या गेमची गोष्ट एवढीशी. सुरुवातीला एक चित्र यायचं. नदीच्या पलीकडे एक मुलगी हात हलवत उभी, अलीकडे घोड्यावर तिचा भाऊ. मधे डोंगर, दरोडेखोर, तुटके पूल, आणि सगळ्यात शेवटी ती नदी. बोलणं कुणाचंच नाही, नुसतं टीटी-टीटी वाजत राहायचं. घोड्याला उडवायचं बटण उजव्या अंगठ्याखाली. डॉक्टरांचा चेंडू जे करू शकला नाही ते त्या बटणाने केलं. अब्बा रोज दुपारी बसू लागले. घोडा पडायचा, ते म्हणायचे "पुन्हा लाव". दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी उजव्या हाताने चहाची कपबशी उचलली. अर्धा चहा सांडला, पण उरलेला त्यांनी इतक्या थाटात प्यायला की मी आणि फहीम बघतच राहिलो.

"यात एक बरं हाय," अब्बा फहीमला म्हणाले. "मेला तरी कोनी रडत नाई. पुन्हा लावता येते."

आणि मग फहीमने तो पिक्चर आणला. त्याला बोलून उपयोग नाही, बिचाऱ्याने जीव तोडून आणला होता. बुलढाण्याला सीडी आणायला गेला तर तिथे तोच घोडा, तीच टोपी, तीच नदी कव्हरवर. त्याच गेमवर काढलेला पिक्चर, वरून हिंदीत बोलणारा. "अब्बा, तुमचा घोडेवाला!" म्हणत तो नाचतच घरात आला. मी मुरमुरे केले, पडदे ओढले, आणि आम्ही तिघं बसलो.

दोन तास अब्बा पुढे वाकून बघत होते. शेवटी घोडेवाला बहिणीला काठावर ढकलतो आणि स्वतः नदीत वाहून जातो. बहीण टोपी छातीशी धरून रडते, आणि पडद्यावर खूप वेळ नुसती नावं येत राहतात.

अब्बांचा हात पुन्हा मांडीवर आला होता. "म्हंजे," ते म्हणाले, "मी त्याले रोज थोडा थोडा मराच्या जागेकडं नेऊन राह्यलो होतो."

दुसऱ्या दिवशी ते पार्लरमध्ये आले नाहीत. त्यानंतरही नाही. गेमचा शेवट वेगळा असेल असं मी कितीदा सांगितलं, पण त्यांचा एकच प्रश्न, "कोनी पाह्यला?" आणि ते खरंच होतं, त्या शेवटच्या नदीपर्यंत गावातलं एकही पोर पोचलं नव्हतं. बोटं पुन्हा आखडायला लागली. कपबशी परत डाव्या हातात गेली. फहीम ती सीडी हातात घेऊन अपराध्यासारखा बसायचा, आणि मला त्या पिक्चरवाल्याचा असा संताप यायचा की पोळ्या जाड व्हायला लागल्या.

तशाच संतापात एके दुपारी माझ्या तोंडून निघून गेलं, "अब्बा, तो पिक्चर खोटा आहे. खरी गोष्ट किताबात आहे."

त्यांनी मान वर केली. "किताब हाय याची?"

"हाय."

"तुह्यापाशी?"

"पेटीत."

"मंग वाच."

पेटी उघडली. माझी सगळी पुस्तकं माझ्याकडे बघत होती. ज्यांच्यावर जीव लावला त्यांच्यात तोंड घालून खोटं बोलायला माझी जीभ वळेना. पेटीच्या बाजूला एक गुळगुळीत कागदाचं पातळ पुस्तक पडलं होतं. पेरणीच्या आधी बियाण्याची गाडी गावात आली होती, तिने चौकात पडदा लावून बीटी कपाशीचा पिक्चर दाखवला होता आणि ही पुस्तकं वाटली होती. 'कपाशीवरील बोंडअळी: ओळख आणि उपाय.' अब्बांना उर्दू येते, मराठी वाचता येत नाही. मी तेच उचललं.

"एका गावात," मी सुरू केलं, "बहीण-भाऊ राहत होते. बहीण मोठी तापट होती."

तापट मी मुद्दाम केली. नुसती काठावर हात हलवत उभी राहणारी मुलगी मला पहिल्यापासून पसंत नव्हती. मग मला थांबताच येईना. घोड्याला मी वाळलेली बोरं खायची खोड लावली. पहिल्या डोंगरावर जो दरोडेखोर नुसता येतो आणि मरतो, त्याला मी म्हातारी आंधळी आई दिली. पुलाजवळ गोष्ट आली तशी मी पुस्तक मिटलं. "पुढची पानं उंदरांनी खाल्लीत. पूल ओलांडला का नाही ते तुम्ही खेळून बघा, त्यापुढचं मी वाचते."

अब्बांनी मिटलेल्या पुस्तकावर एक नजर टाकली. मग उठले आणि पार्लरमध्ये गेले.

पहिल्याच डोंगरावर दरोडेखोर आला. अब्बांचा अंगठा तलवारीच्या बटणावर अडला. "नको," ते म्हणाले. "त्याची माय आंधयी हाय. बाजूनं काढतो घोडा." बाजूने काढता येत नव्हता. घोडेवाला मेला. अब्बा पुन्हा लावायचे, पुन्हा बाजूने काढायला बघायचे, पुन्हा मरायचे. शेवटी मला घाईघाईने एक पान सापडलं, ज्यात दरोडेखोर मरत नाही, नुसता बेशुद्ध पडतो.

असं आमचं चालू झालं. मी वाचायची, ते खेळायचे. जिथे ते अडायचे तिथे माझी पानं फाटलेली असायची. फहीम दारात उभा राहून ऐकायचा. "पिक्चरमंदी तर दरोडेखोराले माय नव्हती," असं एकदा म्हणाला. अब्बा त्याच्यावरच डाफरले, "पिक्चरवाल्यानं किताब वाचली नसन."

त्या साली कपाशीवर लाल्या पडला. पानं वेळेआधीच लाल होऊन गळली आणि बोंडं उघडायच्या आतच झाड थकून गेलं. सीतादही करून अन्नपूर्णाबाई आल्या तेव्हा त्यांच्या पदरात लहानशी पोटली होती. एवढ्या वावरातून पहिल्या वेचणीचा कापूस तेवढाच. मी नेमकी तेव्हा मोठ्याने वाचत होते, "आणि घोडा म्हणाला, मी काही या पाण्यात पाय टाकणार नाही," आणि अन्नपूर्णाबाईंना मराठी वाचता येत होतं.

त्यांनी पुस्तकाचं कव्हर पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. हसू दाबायला त्यांनी पदर तोंडाशी नेला, आणि मग त्या पोटली मांडीवर घेऊन खाली बसल्या. "मंग?" त्या म्हणाल्या. "घोड्याले समजावलं का नाई?"

जाताना दारात मला म्हणाल्या, "माह्यंही मेहबूबभाऊसारखंच झालं पोरी. चौकात पिक्चर पाह्यला. त्यातलं वावर असं पांढरंधोट, बाया हासून राह्यल्या, बोंडं नारळाएवढी. आता माह्या वावरात येऊन पाह्य." एवढं बोलून त्या हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांचा हात धरला.

आम्ही बायांनी बसून त्या कापसातली सरकी हाताने काढली. फहीमने रुई पिंजली, जुन्या मऊ लुगड्याची खोळ शिवून तीत भरली. आता टाके तेवढे राहिले. अब्बांनी सुई उजव्या हातात घेतली आणि ती निसटून पडली. पुन्हा घेतली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती उचलली नाही.

"आलिमा," ते मला म्हणाले, "घोडेवाला नदी पार झाला का सुई धरतो. नाई झाला त गादी फहीम शिवन."

नदीचं काय होतं ते मला कुठे माहीत होतं? पिक्चरवाल्याचंच खरं निघालं तर? अर्पिताचे दिवस भरत आले होते. अब्बांची बोटं मोकळी झाली होती, मी स्वतः बघत होते, ते बटणं कशी दाबतात ते. पण सुई धरायला बोटांच्या आधी मन लागतं आणि ते मन त्यांनी गेमच्या एका फालतू कॅसेटच्या हवाली केलं होतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी ते शेवटच्या नदीवर पोचले. मी फहीमला हाक मारली, फहीमने अन्नपूर्णाबाईंना. आम्ही सगळे मागे उभे. घोडा ओंडक्यावरून ओंडक्यावर उड्या मारत होता. अब्बांचा अंगठा एकदाही चुकला नाही. शेवटची उडी त्यांनी मारली, घोडा पलीकडच्या काठाला टेकला आणि पडदा काळा झाला.

मग टीटी-टीटी वाजलं आणि पहिलं चित्र आलं. बहीण पलीकडे, हात हलवत. भाऊ अलीकडे, घोड्यावर.

"हे त सुरुवात हाय," अब्बा म्हणाले.

"स्वस्तातली कॅसेट हाय अब्बा," फहीम चाचरत म्हणाला. "शेवट टाकलाच नसन त्याइनं."

अब्बांनी रिमोट खाली ठेवला. "किताबात पाह्य."

मी पुस्तक उघडलं. समोर बोंडात शिरणाऱ्या अळीची रंगीत चित्रं. इतके दिवस तोंडाला येईल ते बोलणाऱ्या मला एक वाक्य सापडेना. अब्बा माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्या गादीचा सगळा भार माझ्या खोट्यावर येऊन बसला होता. मला रडूच फुटलं.

"अब्बा, हे पुस्तक…"

"बोंडअळीचं हाय," अब्बा म्हणाले. "मले मराठी वाचता येत नाई बेटा, पण अळी वळखू येते. जिंदगी कापसात गेली माह्यी."

मी डोळे पुसायचेसुद्धा विसरले. "मग तुम्ही रोज ऐकत काऊन होते?"

"तू या घरात आली तवापासून तुहा आवाजच आईकला नव्हता म्या. किताब घेऊन बसली का तू अशी बोले, जशी तुह्या डोणगावच्या ओट्यावर बसली. मी म्हनलं, आपुन खेळणं सोडलं त हे पोरगी वाचणं सोडन."

फहीम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अन्नपूर्णाबाईंनी नाक शिंकरलं. "आता बसा दोघं रडत," त्या म्हणाल्या, "मी माह्या नातवाले फोमवर निजवतो."

अब्बा हसले. मग टीव्हीकडे बघून म्हणाले, "पिक्चरवाल्यानं मारला. गेमवाल्यानं परत आणून ठेवला. पार नेणारी तूच राह्यली आता. सुई ओव."

मी दोरा ओवला. फहीमने गादी त्यांच्या पुढ्यात ठेवली. अब्बांनी सुई उजव्या अंगठ्यात आणि बोटात धरली. ती पडली.

"पुन्हा दे," ते म्हणाले.

मी पुन्हा दिली. या वेळी अंगठा बटणावर रोवायचा तसा रोवला गेला आणि सुई खोळीत शिरली.

"थांबली काऊन? वाच."

मी बोंडअळीच्या पानावर बोट ठेवलं आणि घोडा पाण्यात घातला. पाणी घोड्याच्या पोटापर्यंत आलं, मग मानेपर्यंत. काठावर उभं राहून हात हलवण्याचा बहिणीला कंटाळा आला होता. ती तापट होतीच. तिने ओढणी कमरेला खोचली आणि शिव्या देत स्वतःच पाण्यात उतरली. अब्बांची सुई हळूहळू रुईतून चालली होती, मधे अडत होती, पुन्हा चालत होती. ती वाकडी होऊन पलीकडून वर आली, त्यांनी दोरा ओढून घेतला, आणि तेवढ्यात बहिणीने भावाचा हात पकडला.